बाईंची टँडम

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी तिसऱ्यांदा नापास झाले त्या दिवशी परीक्षकाने कागदावर सही केली, पेनचं टोपण लावलं आणि अगदी हळुवारपणे विचारलं, "मॅडम, तुम्हाला गाडी चालवायची खरंच गरज आहे का?"

पंच्याऐंशी साल असावं. आम्ही नुकतेच मिल्टन कीन्सला राहायला आलो होतो. हे भूलतज्ज्ञ, आणि मलाही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम मिळालं होतं. गाव नवंकोरं, पट्टीने आखलेलं, जिथे दोन रस्ते भेटतात तिथे राउंडअबाउट, म्हणजे सिग्नल नसलेला गोल चौक. माझं घोडं तिथेच अडायचं. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हे मला इतकं पटलं होतं की मी सगळ्यांनाच जाऊ द्यायचे. शेवटच्या टेस्टला एका राउंडअबाउटवर मी इतका वेळ थांबले की परीक्षकाने घड्याळ पाहिलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "पुढच्या वेळी होशील गं पास."

"पुढची वेळ नाही. मी सायकल घेते."

"सायकल? अगं, इथे कन्सल्टंटच्या बायका..." वाक्य त्यांनी तिथेच सोडून दिलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ते गिरगावातले. सायकल म्हणजे पाववाल्याची, अशीच त्यांची समजूत, आणि स्वतः त्यांना ती येतही नव्हती. मी पुण्याची. आठवीपासून एमएस्सी होईपर्यंत माझं सगळं आयुष्य सायकलवर गेलं होतं. पावसात एका हातात छत्री धरून, परकर-पोलक्यातल्या बहिणीला कॅरियरवर घेऊन, लक्ष्मी रोडच्या गर्दीतून मी सायकल काढलेली आहे. लग्न करून इंग्लंडला आल्यापासून माझ्या पायांना काही कामच उरलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या पेपरच्या दुकानाच्या काचेवर लोक जाहिरातींची छोटी कार्डं लावायचे. त्यात एक कार्ड होतं, वळणदार अक्षरातलं: 'लेडीज सायकल, तीन गियर, उत्तम स्थितीत. जी रोज चालवणार असेल तिलाच विकणे आहे.'

पत्ता स्टोनी स्ट्रॅटफर्डचा होता. ते जुनं गाव नव्या गावाच्या पोटात आलं होतं. दार उघडलं ते एका उंच, सडपातळ, सत्तरीला टेकलेल्या बाईंनी. हातात काठी, पायात पुरुषी बूट. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं इंग्रजीतच होत असे, पण पहिल्याच भेटीत मी मनातल्या मनात त्यांना 'बाई' म्हणायला लागले, कारण आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई अगदी अशाच बघायच्या, चष्म्यावरून.

"घेऊन गॅरेजमध्ये ठेवणार असशील तर आत्ताच सांग," बाई म्हणाल्या.

"नाही. कामावर जायला हवी आहे."

"चालवून दाखव."

अंगात जाड कोट, खाली सलवार. मी गल्लीत एक चक्कर मारली. सायकल लोण्यासारखी चालत होती. चार वर्षांनी पायाखाली पायडल आलं होतं. परत येताना मला राहवलं नाही, मी दोन्ही हात सोडून दिले आणि तशीच बाईंच्या फाटकापर्यंत आले.

बाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "कुठे शिकलीस?"

"पुण्याला. भारतात."

"समुद्रसपाटीपासून किती उंच?"

मला सांगता येईना. बाईंनी मला आत नेलं, चहा दिला, ॲटलास उघडला आणि माझं गाव मलाच दाखवलं. मग त्या मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेल्या. हवेचा पंप आणि पान्ह्यांचा डबा सायकलबरोबर द्यायचा होता. शेडमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक उभं होतं. बाईंनी काठीने ताडपत्री वर केली. काळी कुळकुळीत टँडम. दोन सीटं, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या. शाळेतल्याच एका मैत्रिणीबरोबर बाईंनी तिच्यावरून सगळं स्कॉटलंड पालथं घातलं होतं. मैत्रीण पुढे बसायची, बाई मागे. दहा वर्षांपूर्वी मैत्रीण गेली, मग बाईंचं खुब्याचं हाड झिजलं.

"ही विकायची नाही," बाई म्हणाल्या आणि ताडपत्री खाली सोडली.

मिल्टन कीन्समध्ये सायकलवाल्यांसाठी वेगळे रस्ते आहेत. लाल रंगाचे, म्हणून त्यांना रेडवे म्हणतात. झाडीतून, तळ्याकाठून जातात आणि मोठा रस्ता आला की बोगद्यातून खाली उतरतात. लोक गाड्यांतून फिरायचे, त्यामुळे ते बहुतेक रिकामेच असत. ज्या राउंडअबाउटांनी मला तीनदा नापास केलं, त्यांच्या पोटाखालून मी रोज सकाळी घंटी वाजवत जायला लागले. बोगद्यात घंटी छान घुमायची. यांना गाडीने हॉस्पिटल गाठायला, पार्किंग शोधण्यासकट, वीस मिनिटं लागायची. मला अठरा. हे मी त्यांना आठवड्यातून एकदाच सांगायचे.

बाईंकडे माझं जाणंयेणं सुरू झालं. हातात मोजे चढवून चेन कशी पुसायची, पंक्चर झालं तर टायर स्वतः कसा उतरवायचा, हे त्यांनी खुर्चीत बसून काठीने दाखवत शिकवलं. पुण्यात पंक्चर म्हटलं की चौकातल्या दुकानात सायकल टाकून द्यायची एवढंच मला ठाऊक. इथे पहिलं पंक्चर काढायला मला सव्वा तास लागला. बाई घड्याळ लावून बसल्या होत्या. पावसासाठी त्यांनी मला आपली पिवळी केप दिली. ती अंगावर घालून पुढची टोकं अंगठ्यात अडकवायची, म्हणजे हँडलपर्यंत तंबूच उभा राहतो. बाईंची उंची पावणेसहा फूट, माझी पाच. पहिल्या दिवशी लॅबमधल्या मुली म्हणाल्या, "आम्हाला वाटलं सायकल एकटीच आली."

एका रविवारी बाईंनी मला त्यांच्या सायकल क्लबात पाठवलं. पंधराएक पुरुष आणि दोन बायका, सगळे पातळ चाकांच्या सायकलींवर. जोडीजोडीने चालवायचं, खड्डा दिसला की हाताने खूण करायची, मागून गाडी आली की शेवटच्याने ओरडायचं आणि ती आरोळी पुढपर्यंत पोचवायची. माझी तीन गियरची जडशीळ सायकल पहिल्याच चढावर मागे पडली. तेवढ्यात पाठीवर एक हात आला. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा मला एका हाताने ढकलत होते. मी दचकलेच. परक्या पुरुषाचा हात असा पाठीवर! पण चढ एकदम सोपा झाला. आजोबा समोर बघत हवापाण्याच्या गप्पा मारत होते. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी टोपीला हात लावला आणि पुढे निघून गेले.

अकरा वाजता सगळे एका कॅफेत थांबले आणि टोस्टवर बीन्स खायला लागले. मी डब्यातून दाण्याचे लाडू काढले, दाणे, गूळ आणि थोडं तूप. आजोबांना एक दिला. त्यांनी तो आधी टेबलावर ठेवून न्याहाळला, मग खाल्ला, मग विचारलं, "याने किती मैल जाता येतं?"

"पुण्यात चार."

"इथे सपाट आहे, सहा धरू," आजोबा म्हणाले. पुढच्या रविवारी मी चाळीस लाडू वळून नेले.

मुलगी झाल्यावर वर्षभर रविवार बंद पडले. मग ती मागच्या छोट्या सीटवर मावायला लागली आणि आम्ही दोघी रेडवेवरून फिरायला लागलो. पण क्लबाबरोबर लांब जायचं तर जुनी सायकल पुरेनाशी झाली होती. हे बाईंनीच ओळखलं. "तुझे पाय पुढे गेलेत, सायकल मागे राहिलीये," त्या म्हणाल्या. दुकानातल्या सगळ्या चांगल्या सायकली उंच लोकांसाठी. बाईंच्या ओळखीचे एक कारागीर लूटनजवळ एका शेडमध्ये मापाप्रमाणे फ्रेम बांधून द्यायचे. मला ते फार पटलं. ब्लाउज शिंप्याकडून मापाचा शिवायचा आणि सायकल मात्र तयार घ्यायची, हे कुठलं शहाणपण?

कारागिरांनी माझी मापं घेतली. पाय, हात, खांदे, तळवासुद्धा. शेवटी विचारलं, "रंग?"

मी पर्समधून ब्लाउजपीस काढला. आईने दिलेल्या नारायणपेठीतला, आमसुली रंगाचा. असं काही करायचं मी घरूनच ठरवून निघाले होते. "हा."

त्यांनी चष्मा लावला, कापड खिडकीशी नेलं, रंगाच्या कार्डांशेजारी धरलं. एकही कार्ड जुळेना. "वांग्याचा?" म्हणाले.

"वांग्यापेक्षा लाल."

"प्लमचा?"

"प्लमपेक्षा काळा. आमच्याकडे एक आंबट फळ असतं, ते वाळवलं की हा रंग येतो."

"मग मला तो तयार करावा लागेल," ते म्हणाले आणि एकदम खूश दिसले. कापड त्यांनी ठेवून घेतलं. सायकल घरी आली तेव्हा हँडलला ते कापड नीट घडी घालून बांधलेलं होतं. आणि रंग! सूत न सूत जुळलेला. माझी मुलगी तेव्हा चारेक वर्षांची, मराठी बोलायची पण नर-मादी सगळं एकच. ती अंगणात नाचत ओरडली, "बाबा, बघ, आईचा नवा सायकल साडी नेसला!"

यांनी सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली. "छान आहे हो," म्हणाले. एका बोटाने घंटी वाजवून पाहिली. पुन्हा वाजवली.

त्या सायकलने मला पहिलं मैलांचं शतक दिलं, दिवसभरात शंभर मैल. पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

ब्याण्णव साली बाईंचा खुबा बदलायचं ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलमध्ये झालं आणि भूल द्यायची पाळी नेमकी यांच्यावर आली. त्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते हसतच.

"तुझ्या बाईंनी मला टेबलावर झोपल्या झोपल्या दोन प्रश्न विचारले. मी पुन्हा जागी होणार का? आणि टँडम कधी चालवायची?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, पहिल्याची जबाबदारी माझी. दुसरं सर्जनना विचारा. तर म्हणतात कशा, सर्जनना विचारून झालंय, त्यांना सायकलमधलं काही कळत नाही!"

बाई जिद्दीच्या. फिजिओने दिलेला व्यायाम त्या दुप्पट करायच्या. वर्ष होत आलं तेव्हा परवानगीही मिळाली. पण पुढे बसणार कोण? मी टँडम कधी चालवली नव्हती आणि नव्या खुब्याची शहात्तर वर्षांची बाई मागे बसवून शिकायचं म्हणजे भलतंच. सरावाला दुसरं कुणीतरी हवं होतं, साधारण बाईंच्या वजनाचं.

बाईंनी यांच्याकडे पाहिलं.

"मला सायकल येत नाही," हे घाईघाईने म्हणाले.

"मागे बसणाऱ्याला यावी लागत नाही," बाई म्हणाल्या. "त्याने पायडल मारायचं आणि मत द्यायचं नाही."

रविवारी सकाळी ऑफिसांच्या रिकाम्या कार पार्कमध्ये आम्ही ती काळी टँडम नेली. बाई खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर माझी मुलगी. हे मागच्या सीटवर चढले, दोन्ही हातांनी हँडल आवळून. मी म्हटलं, "तीन म्हटलं की निघायचं." मी दोन म्हटलं आणि हे निघाले. पाच यार्डांवर उजवीकडे झुकले, मी डावीकडे वळवत होते, आणि आम्ही दोघं सायकलसकट ब्लॅकबेरीच्या झुडपात गेलो. मी वर पाहिलं तर बाई आणि माझी मुलगी एकमेकींना धरून हसत होत्या. बाईंना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हे उठले, स्वेटरमधले काटे काढले आणि म्हणाले, "पुन्हा."

चौथ्या खेपेला आम्ही सगळ्या कार पार्कला फेरी मारली. "अगं, हे तर छान आहे!" मागून आवाज आला. "सोड की जरा जोरात!" बेचाळिसाव्या वर्षी हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर बसला होता आणि आता उतरायला तयार नव्हता. बाईंना शेवटी काठी आपटावी लागली.

दोन आठवड्यांनी बाई मागे बसल्या. मला लगेच फरक कळला. मागे कुणी बसलंय असं वाटेचना. मी वळणार तिकडे त्या माझ्याआधी कललेल्या असायच्या.

उन्हाळाभर आम्ही आठ मैल, बारा मैल असं करत राहिलो. मग बाई म्हणाल्या, "प्रवासाला मुक्काम हवा आणि मुक्कामाला खायला हवं." सप्टेंबरात वॉटफर्डला एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचा गणपती असायचा. मी म्हटलं, गणपतीला चला. बत्तीस मैल. बाईंनी नकाशा काढून मोठे रस्ते टाळून वाट आखली. हे आणि मुलगी मागाहून गाडीने साड्या-कपडे घेऊन येणार होते.

सकाळी सातला निघालो. शेतं कापून झालेली, हवा स्वच्छ, थोडी गार. लेटन बझर्डला कालव्याकाठी बसून थालीपीठ खाल्लं. पुढे ट्रिंगच्या अलीकडे डोंगराची चढण लागते, तिची मला भीती होती. चढायला लागलो आणि मागे सामसूम. बाई दमल्या असं वाटून मी म्हटलं, "थांबू या का?"

"थांबायचं कशाला? हा डोंगर कशाचा आहे सांग."

"दगडाचा," मी धापा टाकत म्हटलं.

"खडूचा. हा सगळा समुद्राचा तळ होता." आणि त्यांनी धडा सुरू केला. समुद्रातले जीव कसे मेले, त्यांची कवचं कशी साचली, तळ वर कसा उचलला गेला. संबंध चढभर त्या शिकवत होत्या आणि पायडल मारत होत्या. मला 'हो' म्हणायलाही श्वास पुरत नव्हता. माथ्यावर पोचलो तेव्हा त्या थांबल्या. खाली सगळं खोरं पसरलं होतं. मी मान वळवून पाहिलं. गाल लालबुंद, टोपी एका कानावर, डोळ्यांत पाणी. वाऱ्याचं असेल, नसेल. त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. "छान चालवतेस," एवढंच म्हणाल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा.

वॉटफर्डला पोचलो तर हॉलच्या दारात पाहुण्यांच्या स्वागताला उभे असलेले रेशमी झब्ब्यातले काका आमच्याकडे पाहतच राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "अहो, पार्किंग मागच्या बाजूला आहे हं." हे आणि मुलगी अजून यायचे होते. मोटरवेवर अडकले होते, असं नंतर कळलं. त्यामुळे मी घामेजल्या कपड्यांतच आरतीला उभी राहिले आणि बाई गुडघ्यापर्यंतच्या लोकरी मोज्यांत. कुणीतरी त्यांच्या हातात झांजा दिल्या. दुसऱ्या कडव्यापासून त्यांचा ताल बरोबर बसला. मग जेवण. उकडीच्या मोदकावर तूप कसं घालायचं ते एका काकूंनी दाखवलं. बाईंनी तीन मोदक खाल्ले आणि चौथा रुमालात बांधून घेतला, "वाटेत लागेल" म्हणून. वास्तविक परतीला आम्ही गाडीने जाणार होतो. टँडम मात्र आमच्या सायकल क्लबातले एक जण व्हॅनमधून नेणार होते.

त्याच मोदकवाल्या काकू मला जाताना बाजूला घेऊन गेल्या. त्या पन्नाशीच्या, त्यांचे यजमान तिथले जीपी, वीस वर्षं इंग्लंडात. त्यांनी बाहेर उभ्या टँडमकडे पाहत हळूच विचारलं, "अगं, मला कुणी शिकवलंच नाही. दोघा भावांना सायकल आणली, मला म्हणाले तू पडशील. आता या वयात जमेल का गं?"

मी बाईंना भाषांतर करून सांगितलं. बाई म्हणाल्या, "तिला विचार, शनिवारी मोकळी आहे का."

काकू एकट्या आल्या नाहीत, आणखी दोघींना घेऊन आल्या. एक साडीत, दोघी मुलांच्या ट्रॅकसूटमध्ये. आमची जुनी तीन गियरची सायकल मी सीट अगदी खाली करून ठेवली होती. रेडवेवर, तळ्याशेजारी, बाई घडीच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या. हे मागून सीट धरून पळत होते. त्यांनाही तोवर बरीच येऊ लागली होती, त्यामुळे ते स्वतःला अधिकारी समजत.

तिसऱ्या शनिवारी काकूंनी मागे न बघता विचारलं, "धरलंय ना हो डॉक्टर?"

"धरलंय, धरलंय," हे माझ्या शेजारी उभे राहून ओरडले.

काकू चालल्या होत्या. एकट्या, सरळ, पदर खोचून. मैत्रिणी टाळ्या वाजवायला लागल्या, माझी मुलगी उड्या मारत ओरडली, "काकू गेला! काकू गेला!" आणि काकूंना कळलं. त्यांनी एक किंकाळी फोडली, पण पाय थांबवले नाहीत. उतार लागला, सायकलने वेग घेतला आणि त्या बोगद्याकडे निघाल्या.

"ब्रेक लाव म्हणावं तिला," बाई म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ब्रेक मी शिकवलेलाच नव्हता. आम्ही सगळे पळत सुटलो, हे सगळ्यात पुढे. काकू बोगद्यात दिसेनाशा झाल्या. पलीकडे चढ होता म्हणून बरं, सायकल आपोआप मंदावणार होती. आतून काकूंचं हसू ऐकू येत होतं, मोठ्याने, थांबत नसलेलं, आणि त्यात मधूनमधून घंटी.